चिनी दुकानदाराचा शब्द-मुनीम

चीनमधील हांगचौ हे मोठे आणि सुखवस्तू शहर. तेथे चेस्टनट, शेंगदाणे आणि सुका मेवा भाजून विकणारे एक दुकान आहे. आपल्याकडील चणे-फुटाण्याच्या दुकानाचा हा चिनी भाऊ म्हणावा. मालकाने भिंतीवर आणि कागदी पिशव्यांवर आपल्या मालाची तारीफ लिहिली होती : हांगचौमधील सर्वात उत्तम दुकान, सर्वात चांगले, सर्वात सुगंधी चेस्टनट. यात नवल ते काय? मोहम्मद अली रोडपासून भिवंडीच्या नाक्यापर्यंत कोणताही दुकानदार हेच लिहितो. पण २०१५ च्या अखेरीस कुणीतरी तक्रार केली आणि २०१६ च्या मार्च महिन्यात तेथील बाजार-देखरेख कार्यालयाने या दुकानाला २ लाख युआन दंड ठोठावला. त्या वेळच्या भावाने ही रक्कम वीस लाख रुपयांच्या घरात जाते. दंडाचे कारण मालातील भेसळ नव्हते की वजनातील खोट नव्हती. कारण होते ‘सर्वात’ हा शब्द. चिनी लिपीत तो एकाच अक्षरात मावतो. दुकानदार कोर्टात गेला. २०१८ साली न्यायालयाने दंड निम्म्यावर, म्हणजे १ लाख युआनवर आणला. गुन्हा झालाच नाही असे मात्र म्हटले नाही.

हांगचौ ज्या चच्यांग प्रांताची राजधानी आहे, त्याच प्रांतात इवू आहे, आणि इवूचे नाव आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. सुमारे ७५ हजार गाळ्यांचा तो घाऊक बाजार. कुलपे, बटणे, खेळणी, इमिटेशन दागिने, इतकेच काय पण तस्बीह आणि जानमाजही तेथून कंटेनर भरभरून निघतात. शहरात मोठी मशीद आहे, हलाल जेवण मिळते, त्यामुळे आपल्या व्यापाऱ्यांचा पाय तेथे सहज वळतो. ज्याच्याशी आपण सौदा करतो तो चिनी गाळेवाला मालापेक्षाही शब्दाला जास्त का जपतो, आणि त्यासाठी त्याने कोणता नवा मुनीम नेमला आहे, याची माहिती व्यापारी बांधवांना असावी म्हणून हा लेख. हा मुनीम म्हणजे माणूस नव्हे, ती संगणकाची एक आज्ञावली आहे. ती मनाई असलेला शब्द शोधते आणि त्याच्या जागी ‘निर्धोक’ शब्द सुचवते.

दंडाचे गणित

‘सर्वोत्तम’, ‘सर्वोच्च दर्जाचा’, ‘राष्ट्रीय दर्जाचा’ हे शब्द जाहिरातीत नकोत, हा नियम चीनमध्ये काही नवा नाही. १९९४ साली मंजूर होऊन १९९५ च्या फेब्रुवारीत अमलात आलेल्या जाहिरात कायद्यातही तो होता. फरक दंडात होता. जुन्या कायद्यात दंड जाहिरातीच्या खर्चावरून ठरत असे, खर्चाच्या एक पट ते पाच पट. पिशव्या छापायला शंभर युआन खर्च आला असेल तर दंड शंभर ते पाचशे. दुकानदार तो भरून मोकळा होई, आणि अधिकाऱ्यालाही एवढ्यासाठी कागद रंगवण्यात रस नसे.

१ सप्टेंबर २०१५ पासून सुधारलेला कायदा लागू झाला आणि हे गणित उलटले. ९ व्या कलमातील मनाई तशीच राहिली, पण ५७ व्या कलमात दंड किमान २ लाख आणि कमाल १० लाख युआन ठरला. प्रकरण गंभीर असेल तर धंद्याचा परवानाही जाऊ शकतो. जाहिरात मोठ्या कारखान्याची टीव्हीवरची आहे की भाजणीवाल्याच्या पिशवीवरची, हा प्रश्नच उरला नाही. मोठ्या कंपनीला २ लाख म्हणजे किरकोळ खर्च. गल्लीतल्या दुकानदाराचे मात्र त्यात दुकान बसते. कायदा सर्वांना सारखा असला की तो गरिबाला जास्त टोचतो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हांस सापडले नाही.

यात आणखी एक पात्र आहे. चीनमध्ये तक्रारीवरच पोट भरणारी मंडळी आहेत. ती दुकानादुकानांतून आणि मोबाईलवरच्या विक्रीच्या पानांतून असे शब्द शोधत हिंडतात, आणि तडजोडीची रक्कम मिळाली तर तक्रार मागे घेतात. यातील काहींनी खोटा माल पकडून ग्राहकांचे भलेही केले आहे, हे नाकारता येणार नाही. पण ज्याने दुकानाच्या पाटीवर फक्त फुशारकी मारली त्याच्या दारातही तेच उभे राहतात.

‘इत्यादी’वर उभा राहिलेला धंदा

कायद्याने मनाईचे तीन शब्द नमुन्यादाखल दिले आणि पुढे ‘इत्यादी’ असे लिहिले. या ‘इत्यादी’त काय काय येते हे कुणी नेमके सांगेना. ‘पहिल्या क्रमांकाचा’ येतो का? ‘एकमेव’? ‘शंभर टक्के’? ‘कायमचा’? कुणी वकिलाला विचारले, कुणी शेजाऱ्याला दंड झाला त्यावरून धडा घेतला. लवकरच शेकडो शब्दांच्या याद्या दुकानदारांत हातोहात फिरू लागल्या. आणि जेथे यादी आली तेथे ती तपासून देणारे यंत्रही आलेच.

त्याचा वापर सोपा आहे. मालाचा मजकूर चौकटीत टाकायचा आणि बटण दाबायचे. क्षणभरात अडचणीचे शब्द रंगीत होऊन समोर येतात. काही आज्ञावल्या शेजारीच पर्याय देतात. ‘सर्वोत्तम’च्या जागी ‘निवडक’. ‘पहिल्या क्रमांकाचा’च्या जागी ‘ग्राहकांच्या पसंतीचा’. ‘कायमचा’च्या जागी ‘टिकाऊ’. सौंदर्यप्रसाधनांची वेगळी तऱ्हा. गोरेपणाचा दावा करणारे प्रसाधन चीनमध्ये ‘विशेष’ वर्गात मोडते आणि त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमावलीत हे स्पष्ट आहे. नोंदणी नसलेल्या क्रीमच्या मजकुरात ‘गोरेपणा’ आला की यंत्र ‘तजेला’ किंवा ‘चमक’ सुचवते. मजकूर निर्धोक होतो. क्रीम मात्र होते तेच राहते!

आतले काम समजायला अवघड नाही. यंत्राजवळ शब्दांची यादी असते आणि ते मजकूर अक्षर-अक्षर त्या यादीशी ताडून पाहते. हजारो शब्द एकाच फेरीत ताडण्याची रीत १९७५ पासून प्रसिद्ध आहे, त्यामुळे वेगाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो अर्थाचा. चिनी लिखाणात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. सारी अक्षरे एका ओळीत चिकटून बसतात. ‘सर्वात’ या अर्थाचे अक्षर ‘त्स्वे’ असे उच्चारतात. तेच अक्षर ‘अलीकडे’ आणि ‘शेवटी’ या अगदी निरुपद्रवी शब्दांतही येते. साधे यंत्र तेथेही लाल खूण करते. मराठीत बोलायचे तर ‘बंद’ या शब्दाला मनाई केली आणि यंत्राने ‘बंदर’ व ‘बंदोबस्त’ही अडवले, असा प्रकार. अलीकडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आज्ञावल्या आगापिछा पाहून निर्णय घेतात आणि अख्खे वाक्यच बदलून देतात. पण दुकानदाराच्या मनात भीती बसलेली असते. तो खोटी लाल खूणही पुसून टाकतो, म्हणतो, कशाला विषाची परीक्षा!

चलाख विक्रेत्यांनी वेगळी वाट काढली. ‘त्स्वे’ असाच उच्चार असलेले एक जुने, क्वचित वापरातले अक्षर आहे. त्याचा अर्थ ‘चिमुकले’. जाहिरातीत ‘सर्वात’च्या जागी ते अक्षर बसवले की गिऱ्हाईक मनात वाचतो ‘सर्वात स्वस्त’ आणि यंत्र वाचते ‘चिमुकले स्वस्त’. हा शब्दांचा हिशेब नसून डोळ्यात धूळ आहे, आणि तपासणारा माणूस चिनी असल्याने त्यालाही वाचता येते.

येथपर्यंतच्या प्रकाराविषयी आमचे मत कडक आहे. खोटी तारीफ करून माल विकू नये हे सांगायला आपल्याला चिनी कायद्याची गरज नाही. वर कोरडे आणि आत ओले असलेल्या धान्याच्या ढिगात हात घालून व्यापाऱ्याला जाब विचारल्याची हदीस आपल्या घराघरात सांगितली जाते, आणि मापात मारणाऱ्यांविषयी कुराण शरीफात स्वतंत्र सूरा आहे. आपल्या देशातही १९५४ चा औषधे व जादूई उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे. मधुमेह मुळासकट घालवतो असे सांगणारी पुडी विकणाऱ्या आपल्या काही हकीम-वैद्यांनी तो एकदा नजरेखालून घालावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. आपल्याकडे ‘सर्वात’ म्हणणाऱ्याला पुरावा मागतात. पुरावा दिला तर शब्द चालतो. चीनमध्ये बहुतेक वेळा शब्दालाच मनाई, मग तो खरा असो वा खोटा.

दुसरी यादी

आता याच यंत्राची दुसरी बाजू पाहू. ज्या तंत्राने ‘सर्वोत्तम’ पकडला जातो त्याच तंत्राने राज्यकर्त्यांना न आवडणारे शब्दही पकडले जातात. १९८९ साली ४ जूनला बीजिंगच्या थ्येनआनमन चौकात आणि आसपास लष्कराने विद्यार्थी-नागरिकांवर गोळ्या चालवल्या. ती तारीख लिहिली की मजकूर गायब होतो. म्हणून लोक ‘मे महिन्याची ३५ तारीख’ असे लिहू लागले. सरकारने ‘सुसंवादी समाज’ अशी घोषणा दिली तेव्हा ज्याचा मजकूर पुसला जाई तो म्हणे, ‘माझा सुसंवाद झाला’. मग तोही शब्द नजरेत आला. तेव्हा लोकांनी त्याच्याच उच्चाराचा ‘नदीतला खेकडा’ शोधून काढला. २०१८ च्या सुमारास स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्धची ‘मी टू’ चळवळ चीनमध्ये पोहोचली, तिचे नाव अडवले गेले, तर बायकांनी ‘तांदूळ-ससा’ असे लिहिले. कारण चिनीत तांदूळ म्हणजे ‘मी’ आणि ससा म्हणजे ‘तू’. मराठी माणसाला हा श्लेष त्यांच्यापेक्षाही जवळचा वाटावा.

हे जमते ते भाषेच्या घडणीमुळे. चिनी बोलीत स्वरांचे चढउतार सोडले तर जेमतेम चारशे अक्षर-ध्वनी आहेत, चढउतार धरून तेराशेच्या आसपास. लिपीत मात्र २०१३ च्या सरकारी प्रमाण यादीप्रमाणेच ८,१०५ अक्षरे आहेत. एका उच्चाराला अनेक अक्षरे. म्हणून शब्द अडवला तरी आवाज अडवता येत नाही.

लोक जे अंदाजाने करत होते ते यंत्राकडून करून घेण्याचा प्रयोग अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. मनाईचा शब्द दिला की त्यांची आज्ञावली समान उच्चाराची दुसरी अक्षरे निवडते. तिची खुबी अशी की ती दर वेळी वेगळी निवड करते आणि नेहमीच्या वापरातली अक्षरे घेते. त्यामुळे तो पर्याय अडवायला जावे तर लाखो निरपराध मजकूरही जाळ्यात सापडतात. पूर्वी पुसले गेलेले मजकूर असे बदलून त्यांनी वेइबो या चिनी समाजमाध्यमावर टाकले. ते मूळ मजकुरांच्या तिप्पट काळ टिकले. चिनी मातृभाषेच्या वाचकांना दाखवले तर ९९ टक्के मजकूर बहुसंख्य वाचकांना बरोबर कळले. आणि व्यापाऱ्यांनी नीट वाचावा असा आकडा पुढे आहे : या पर्यायांचा पाठलाग करायचा तर वेइबोला मनाईच्या दर शब्दामागे दररोज १५ तासांची जादा माणूस-मेहनत लागेल असा त्यांचा हिशेब. म्हणजे मनाईलाही मजुरी पडते. ती मजुरी मालक देतो, सरकार नव्हे. कारण १ जून २०१७ पासून लागू झालेल्या सायबर सुरक्षा कायद्याने निषिद्ध मजकूर रोखण्याची जबाबदारी सेवा चालवणाऱ्या कंपनीवरच टाकली आहे.

मग या कंपन्या कोणती यादी वापरतात? दुकानदारांची समजूत अशी की कुठेतरी एक सरकारी यादी असणार. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने वेगवेगळ्या चिनी सेवांमधील शब्दयाद्या बाहेर काढून ताडून पाहिल्या. २०१५ साली त्यांनी व्हिडिओ-सेवांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की एका कंपनीची यादी दुसरीशी फारशी जुळत नाही. प्रत्येकजण आपापल्या भीतीप्रमाणे यादी करतो. या एका गोष्टीने ‘निर्धोक शब्द’ विकणाऱ्या सगळ्या साधनांचा पाया हलतो. जी यादी एकच नाही आणि जाहीरही नाही, ती कोणत्याही आज्ञावलीत पुरती असणार तरी कशी? तिच्यात असतो तो इतरांना बसलेल्या फटक्यांचा हिशेब.

विक्रीच्या प्रत्यक्ष प्रक्षेपणात ही भीती हास्यास्पद टोकाला जाते. दौयिनसारख्या व्हिडिओ-सेवेवर माल दाखवणारे विक्रेते ‘पैसे’ हा शब्द टाळून ‘तांदूळ’ म्हणतात, ‘किती तांदूळ?’ म्हणजे किंमत किती. कोविडच्या साथीचे नाव घ्यायचे नाही म्हणून ‘मास्कच्या दिवसांत’ असे बोलण्याची रीत पडली. नियम कुठे छापलेला आहे हे कुणी विचारत नाही. शेजाऱ्याचे प्रक्षेपण बंद पडले एवढे पुरते.

कारागिराच्या मालाचे नाव

आता आमच्या कारागीर वाचकांसाठी एक गोष्ट. च्यांगसू प्रांतात यीशिंग नावाचे गाव आहे. तेथील जांभळट मातीच्या चहाच्या किटल्या शेकडो वर्षांपासून नावाजलेल्या. या मातीला आणि कामाला ‘त्सशा’ म्हणतात. कुंभार एक एक किटली हाताने घडवतो आणि बुडाला आपला शिक्का मारतो. नामांकित कारागिराच्या किटलीला सोन्याचा भाव येतो. या बिचाऱ्या ‘त्सशा’चा उच्चार ‘आत्महत्या’ या अर्थाच्या चिनी शब्दासारखाच आहे, फरक पहिल्या अक्षराच्या चढउताराचा. आत्महत्या हा शब्द समाजमाध्यमांवर अडतो म्हणून तरुण पोरे त्याच्या जागी ‘जांभळी माती’ लिहू लागली. आज चिनी मुलगा ‘मला जांभळी माती करावीशी वाटते’ असे लिहितो तेव्हा तो चहाविषयी बोलत नसतो.

बिदरीचे किंवा हिमरूचे काम करणाऱ्या माणसाने क्षणभर विचार करावा, आपल्या कामाचे नावच असे दुसऱ्याच्या दुःखाला उसने दिले गेले तर? यीशिंगच्या कुंभाराने कोणताही नियम मोडलेला नाही. त्याला कुणी विचारलेही नाही. एका शब्दावरचे ओझे दुसऱ्या शब्दावर टाकले गेले आणि तो दुसरा शब्द त्याच्या पोटापाण्याचा निघाला. पर्याय सुचवणाऱ्या आज्ञावलीला हे दिसणार नाही. तिच्या लेखी ‘त्सशा’ म्हणजे फक्त दोन अक्षरे.

आणि पर्यायही फार काळ निर्धोक राहत नाही. १३ जुलै २०२२ रोजी वेइबोने जाहीर केले की समान उच्चाराचे व बदललेल्या अक्षरांचे शब्द वापरून वाईट मजकूर पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनचे सायबर प्रशासन आणि शिक्षण मंत्रालय यांनी मिळून अशुद्ध व बदललेल्या अक्षरांविरुद्ध मोहीमच काढली. कारण सांगितले भाषेच्या शुद्धतेचे आणि लहान मुलांवरील परिणामाचे. भाषा बिघडते ही चिंता खोटी नाही. पण ती बिघडायला सुरुवात कुठून झाली, हेही त्या मंत्रालयाने पाहायला हरकत नव्हती. काल यंत्राने सुचवलेला पर्याय आज यादीत जातो, मग पर्यायाचा पर्याय.

छिंगचन

एक शब्द असा आहे की ज्याचा विचार आपण अलिप्तपणे करू शकत नाही. चिनी भाषेत हलालला ‘छिंगचन’ म्हणतात. अक्षरशः अर्थ ‘शुद्ध आणि सत्य’. हुई मुसलमानांच्या खाणावळी, लानचौच्या बीफ-शेवयांची दुकाने, कसाई, मिठाईवाले या एका शब्दावर धंदा करत आले. पाटीवर चिनीत ‘छिंगचन’ आणि शेजारी अरबीत ‘हलाल’.

शिनच्यांग प्रांतात १ एप्रिल २०१७ पासून ‘अतिरेक निर्मूलना’ची नियमावली लागू झाली. अतिरेकाची म्हणून जी लक्षणे तीत दिली आहेत त्यांत एक आहे हलालची कल्पना खाद्यपदार्थांपलीकडे ‘फैलावणे’. मांसावर हा शब्द चालेल. साबण, दंतमंजन, प्रसाधन यांवर लिहिला तर तो अतिरेक ठरू शकतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये उरुम्छी शहरात या ‘फैलावा’विरुद्ध उघड मोहीम चालली. २०१९ च्या जुलैत रॉयटर्स या वृत्तसंस्थेने खुद्द बीजिंगमधून बातमी दिली की हलाल खाणावळींना पाट्यांवरील अरबी अक्षरे आणि इस्लामी चिन्हे काढायला सांगण्यात आले. काहींनी नवी पाटी करून केवळ चिनी ‘छिंगचन’ ठेवले, तर काहींनी अरबी अक्षरांवर चिकटपट्टी लावली. यंत्र जे कागदावर करते तेच येथे शिडीवर चढून माणसाने केले.

न्यायाची बाजू म्हणून हेही नोंदवतो की २०१७ च्या सप्टेंबरमध्ये वेइबोवर मुसलमानांना हिणवण्यासाठी वापरले जाणारे काही शब्द अडवले गेल्याची बातमी ग्लोबल टाइम्स या तेथील सरकारी गोटातील वृत्तपत्राने छापली होती. त्या दिवशी यादी आपल्या बाजूची वाटली असेल. पण यादी ज्याच्या हातात तो शब्द घालतोही आणि काढतोही. दुकानदाराला विचारून नव्हे.

‘सर्वोत्तम’च्या जागी ‘निवडक’ लिहिले तर गिऱ्हाईकाचे काही बुडत नाही. ‘हलाल’ला मात्र पर्याय नाही. ‘स्वच्छ’ लिहिले, ‘पारंपरिक’ लिहिले, ‘अल्पसंख्याकांच्या पद्धतीचे’ लिहिले तरी मुसलमान गिऱ्हाईकाला जे जाणून घ्यायचे असते ते कळत नाही. तो शब्द तारीफ नसून मालाची माहिती आहे. आणि ‘निवडक’ व ‘चिकटपट्टी’ यांतला हा भेद शब्द-मुनीमाच्या वहीत नाही. दोन्ही त्याच्या लेखी लाल खुणा.

आपल्या कामाचे

चीनचा जाहिरात कायदा चीनमधील जाहिरातींना लागू आहे. आपण इवूहून आणलेल्या मालाच्या इंग्रजी-हिंदी वेष्टनावर काय छापायचे ते भारतीय कायद्याने ठरते. त्यामुळे चिनी कारखानदाराने वेष्टनाचा मजकूर आपल्या यंत्रातून काढून पुळचट करून पाठवला तर आपण आपला मजकूर द्यावा, आणि त्यात खोटे नसावे. प्रसाधनात ‘गोरेपणा’ काढून ‘तजेला’ छापलेला दिसला तर मात्र थांबावे आणि घटकांचा कागद मागावा. शब्द कशासाठी बदलला हे त्या कागदावरून कळते. हलालची छाप हवी असेल तर ती कोणाच्या प्रमाणपत्रावर आधारलेली आहे हे प्रमाणपत्राची प्रत घेऊनच ठरवावे. प्रांतोप्रांतीचे वारे वेगळे असल्याने ‘छिंगचन’ न लिहिणारा प्रत्येक कारखानदार काही लपवतो आहे असे धरून चालू नये.

जे कारागीर शांघायच्या प्रदर्शनात किंवा चिनी दलालामार्फत आपली कला तेथे विकू पाहतात, त्यांचा चिनी मजकूर मात्र या कायद्यात येतो. दलालाला ‘जगातील सर्वोत्तम शाल’ लिहू देऊ नये. सूत कोणते, मागावर किती दिवस लागले, रुंदी किती, हे लिहावे. आकड्याला लाल खूण होत नाही आणि जाणता खरीददार विशेषणापेक्षा आकडाच वाचतो. २०२३ साली तेथील बाजार-देखरेख प्रशासनाने या शब्दांबाबत मार्गदर्शक नियम काढले, त्यांत थोडी सवलत आहे : मालाविषयी नसून दुकानाच्या सेवावृत्तीविषयी लिहिलेला शब्द, एकाच छापाच्या दोन मालांची तुलना, काळाचा वा जागेचा क्रम सांगणारा शब्द यांना हा दंड लावू नये. त्यापूर्वी १५ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित प्रशासकीय दंड कायद्यानुसार पहिलीच चूक असेल, नुकसान किरकोळ असेल आणि ती वेळेत दुरुस्त केली असेल तर दंड माफ होऊ शकतो; आपला दोष नव्हता हे पुराव्याने दाखवले तर दंड करूच नये, असेही त्यात आहे. हांगचौच्या भाजणीवाल्यासाठी हे सारे उशिरा आले.

म्हणून दलालाने मजकूर यंत्रातून तपासला असेल तर त्या तपासणीची तारीखवार छापील प्रत आपल्याजवळ मागून ठेवावी. तिच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुधा एक ओळ असते, ‘हा निकाल केवळ संदर्भासाठी आहे’. ती ओळही कुणाकडून भाषांतर करून घ्यावी.